दुधाचा प्रश्न : वर्ध्याच्या वाटेवरील एक अपूर्ण प्रयोग

अलीकडे आपल्या समाजातील अनेक घरांत एक नवा प्रसंग उद्भवू लागला आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त पुण्या-बंगळूरला अथवा परदेशी गेलेली नात सुट्टीत घरी येते आणि ताटातील दह्याची वाटी हळूच बाजूला सारते. चहा दुधाविना मागते, फुलक्यावर तूप नको म्हणते. आजी गोंधळते. ‘‘अगं, अंडे नको, कंदमूळ नको, हे तर आपण पिढ्यान् पिढ्या पाळत आलो. पण दुधात कसली हिंसा?’’ नातीजवळ उत्तर असते, परंतु ते भ्रमणध्वनीवर पाहिलेल्या चित्रफितीतले असते. आणि आजीजवळ श्रद्धा असते, परंतु या नव्या प्रश्नाला तिने कधी तोंड दिलेले नसते. दोघींचेही समाधान होत नाही, आणि ‘वीगन’ हे पाश्चात्त्यांचे एक खूळ आहे असे म्हणून विषय संपविला जातो.

प्रस्तुत लेखकाला नम्रपणे असे सुचवावयाचे आहे की हा प्रश्न पाश्चात्त्य नाही आणि नवा तर मुळीच नाही. रामदासपेठेच्या कडेने जाणाऱ्या वर्धा रस्त्याला लागून अवघे पाऊणशे किलोमीटर गेले, की ज्या भूमीवर या प्रश्नाचा प्रामाणिकपणे शोध घेतला गेला ती भूमी लागते. विशेष म्हणजे त्या शोधाचे बीज एका जैन श्रावकाच्या सहवासात पडले होते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना या विस्मृतीत गेलेल्या इतिहासाचे स्मरण करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

आपली परंपरा काय सांगते?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या शास्त्रांनी दूध निषिद्ध मानलेले नाही. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाकडे प्रत्येकी दहा हजार गायींची चार गोकुळे होती. आवश्यक निर्युक्तीच्या परंपरेनुसार भगवान ऋषभदेवांचे पहिले पारणे इक्षुरसाने झाले, तर उर्वरित तेवीस तीर्थंकरांचे क्षीरान्नाने. तेव्हा ‘खरा जैन दूध पीतच नसे’ असे जे क्वचित बोलले जाते, त्यास इतिहासाचा आधार नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आपल्या आचार्यांनी दुधाकडे कधीही निःशंक मनाने पाहिले नाही. श्वेतांबर परंपरेत दूध, दही, तूप, तेल, गूळ आणि कढाईत तळलेले पदार्थ या सहांना ‘विगई’, म्हणजे विकृती उत्पन्न करणारे पदार्थ, म्हटले आहे. लोण्याची गणना तर मद्य, मांस व मध यांच्या पंक्तीत, महाविगईत केली आहे. दिगंबर परंपरेतील रसपरित्यागात दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहा रसांपैकी एकेकाचा वा सर्वांचा त्याग सांगितला आहे. चैत्र व आश्विन महिन्यांतील आयंबिलाच्या ओळीत तर नऊ दिवस दूध, दही, तूप यांचा थेंबही न घेता दिवसातून एकदाच भोजन केले जाते. वर्धमान तप पूर्ण करणारा साधक ५०५० आयंबिले आणि १०० उपवास करतो. त्यास १४ वर्षे, ३ महिने व २० दिवस लागतात. दुग्धविरहित पाकशास्त्र शिकण्यासाठी आपणांस परदेशी जाण्याची गरज नाही. ते आपल्या आयंबिल शाळेच्या चुलीवर पिढ्यान् पिढ्या शिजत आले आहे. फरक इतकाच, की तेथे त्यामागे संयमाचा हेतू होता. गायीच्या दुःखाचा विचार त्यात नव्हता.

हे दोन विचार, म्हणजे संयम आणि प्राण्यावरील दया, एकत्र आले ते एका वैष्णव बॅरिस्टराच्या जीवनात.

श्रीमद् राजचंद्र आणि गांधीजी

मोहनदास गांधी १८८८ मध्ये विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या मातुश्रींसमोर मद्य, मांस व परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा त्यांना देणारे बेचरजी स्वामी हे जैन साधू होते. लंडनमध्ये ‘मांस’ शब्दाच्या निरनिराळ्या व्याख्या त्यांच्या कानी आल्या. एका व्याख्येत अंडे मांसात मोडत नव्हते. कोणाच्या तरी आग्रहास बळी पडून त्यांनी काही दिवस अंडी घेतलीही. परंतु प्रतिज्ञेचा अर्थ ती देणाऱ्या मातेला जो अभिप्रेत होता तोच खरा, असे ठरवून त्यांनी ती सोडली.

१८९१ मध्ये मुंबईस परतताच त्यांची श्रीमद् राजचंद्र यांच्याशी भेट झाली. जवाहिऱ्याच्या व्यापारात राहून आत्मचिंतनात मग्न असणारा हा विरक्त श्रावक गांधीजींना जन्मभर मार्गदर्शक वाटला. दूध हे विकार उद्दीपित करणारे आहे, हे आपण प्रथम रायचंदभाईंकडून शिकलो, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. ही विगईचीच कल्पना होय. पुढे दक्षिण आफ्रिकेत कलकत्त्याहून आलेले काही साहित्य त्यांच्या वाचनात आले. गवळी अधिक दूध काढण्यासाठी गायी-म्हशींचे कसे हाल करतात, याचे त्यात वर्णन होते. १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजींनी आणि त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडले. ‘वीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये घडविला. त्याच्या बत्तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

प्रतिज्ञेची कसोटी

दूध सोडणे सोपे होते. त्याच्या जागी काय घ्यावे हा प्रश्न अवघड होता. १९१४ मध्ये लंडनमध्ये गांधीजींना फुप्फुसावरणाच्या सुजेने गाठले. त्यांचा आहार तेव्हा भुईमूग, केळी, लिंबू, टोमॅटो, द्राक्षे व ऑलिव्हचे तेल इतकाच होता. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. जीवराज मेहता यांनी दूध घेण्याचा आग्रह धरला, नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीही त्यास दुजोरा दिला. गोखल्यांना गांधीजी गुरुस्थानी मानीत. तरी एक रात्र विचार करून त्यांनी दुधास नकारच दिला.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना भुईमुगाचे लोणी आणि लिंबू हाच त्यांचा मुख्य आहार होता. लोण्याला पर्याय म्हणून भुईमूग वाटून वापरण्याचा हा प्रयोग आजच्या कोणत्याही वीगन स्वयंपाकघरात शोभला असता. परंतु त्याचा अतिरेक झाला, पुढे आमांशाने त्यांना अंथरुणास खिळविले आणि प्रकृती मरणोन्मुख झाली. आजारपणाचा काही काळ ते अहमदाबादचे अंबालाल साराभाई या जैन उद्योगपतींच्या बंगल्यात होते. अखेरीस मुंबईत डॉ. दलाल यांनी दुधाशिवाय शरीर पुन्हा उभे राहणार नाही असे बजावले. कस्तुरबा शेजारीच होत्या. तुमची प्रतिज्ञा गायी-म्हशींच्या दुधाची आहे, मग शेळीच्या दुधाला हरकत काय, असे त्या म्हणाल्या. १९१९ च्या आरंभी गांधीजींनी शेळीचे दूध घेतले.

त्यांनी या घटनेचा विजय म्हणून कधीच उल्लेख केला नाही. शब्द पाळला गेला, पण प्रतिज्ञेचा आत्मा मारला गेला, ही खंत ते अखेरपर्यंत बोलून दाखवीत राहिले. शेळीचे दूध आपण गांधीजींच्या साधेपणाचे प्रतीक मानतो. त्यांच्या लेखी ते पराभवाचे चिन्ह होते.

मगनवाडीचे स्वयंपाकघर

डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष शेठ जमनालाल बजाज होते. त्यांच्याच आग्रहामुळे पुढे गांधीजींचा मुक्काम वर्ध्यास आला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालालजींनी दिलेली बाग व वाडा मगनवाडी म्हणून नावारूपास आला. ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास जाण्यापूर्वी गांधीजींचे वास्तव्य तेथे होते.

मगनवाडीचे स्वयंपाकघर ही एक प्रयोगशाळाच होती. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, कच्ची हिरवी पाने अशा एकेका पदार्थाची तेथे परीक्षा होई. १९३५ मध्ये तेथे सोयाबीन शिजविले गेले आणि त्याचे वृत्तांत ‘हरिजन’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. गरिबाला परवडेल असे, दुधासारखे सकस अन्न शेतातून मिळू शकेल काय, हा त्यामागील शोध होता. बडोदे संस्थानातही तेव्हा सोयाबीनच्या प्रसाराचे प्रयत्न चालू होते; तेथील अधिकारी एफ. एस. काळे यांनी १९३६ मध्ये सोयाबीनवर पाककृतींसह एक इंग्रजी ग्रंथ लिहिला. तथापि सोयाबीनने दुधाची जागा घेतली असे झाले नाही. आश्रमाच्या आहारात दूध राहिलेच.

किंबहुना वर्ध्याने नंतर दुसरीच वाट धरली. १९४१ मध्ये जमनालालजींनी गोसेवा संघ स्थापन केला. केवळ गायीचेच दूध-तूप वापरावे आणि चामडे मेलेल्या जनावराचेच वापरावे, असे त्याच्या सदस्यांचे व्रत होते. गाय वाचवायची तर तिचे दूध विकत घेऊन तिला शेतकऱ्याच्या दारी टिकविले पाहिजे, हा त्यामागील विचार होता. वर्ध्याचा गोरसपाक आपण नागपूरकर आजही आवडीने खातो. तो याच परंपरेचा गोड वारसा आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये जमनालालजी निवर्तले. पुढे पवनारच्या विनोबांनी, ज्यांच्या प्रेरणेने ‘समणसुत्तं’ हा सर्व संप्रदायांस मान्य ग्रंथ सिद्ध झाला, जानेवारी १९८२ मध्ये गोवंशहत्येविरुद्ध मुंबईच्या देवनार कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू करविला. त्यांच्या निर्वाणानंतरही तो अनेक वर्षे चालू राहिला. या सर्वांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु इतका दीर्घ सत्याग्रह करावा लागला, यातच एक कठोर सत्य दडलेले आहे. दूध हवे तर गाय-म्हैस वारंवार विणार, त्यांतील सुमारे निम्मी वासरे नर असणार. ट्रॅक्टरच्या युगात त्या नरांचे आणि आटलेल्या जनावरांचे पोषण कोणी करावे? आनंद श्रावकाच्या गोकुळात हा प्रश्न निराळा होता. तेथे बैल शेत नांगरीत होता. राज्यात मार्च २०१५ पासून बैल व वळू यांच्या हत्येवरही बंदी आली, तरी म्हैसवर्ग त्या बंदीच्या बाहेरच आहे. आणि आपल्या चहातील बरेचसे दूध म्हशीचेच असते.

अंड्याचा युक्तिवाद

१९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान महालात बंदिवासात असताना गांधीजींनी आरोग्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यातील दोन मुद्दे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत.

पहिला मुद्दा आपणांस धक्का देणारा आहे. जो मनुष्य दूध घेतो त्याने निर्बीज अंड्यास हरकत घेण्याचे कारण नाही, असे त्यांनी म्हटले आहे. कोणताही जैन हे मान्य करणार नाही. आणि आजच्या माहितीनुसारही ते टिकत नाही. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातीतील नर पिल्लू ना अंडे देते, ना मांसासाठी परवडते. म्हणून उबवणी केंद्रात ते जन्मतःच मारले जाते. अंडे निर्बीज असले तरी त्यामागील व्यवहार निर्दोष होत नाही. परंतु गांधीजींचे विधान उलट बाजूने वाचून पाहावे. अंड्याविरुद्धचा आपला आक्षेप जर त्या नर पिल्लासाठी असेल, तर तोच आक्षेप नर वासरालाही लागू पडतो. ज्याला अंडे वर्ज्य आहे, त्याने दुधाचाही विचार करणे भाग आहे. नातीचा प्रश्न नेमका हाच होता.

दुसरा मुद्दा आशेचा आहे. दूध हा प्राणिज पदार्थ असून काटेकोर शाकाहारात बसत नाही, हे त्यांनी मान्य केले. आपणास त्याशिवाय चालविता आले नाही, हेही मान्य केले. आणि तरीही वनस्पतींच्या अफाट सृष्टीत दुधाचे गुण देणारी, पण त्याच्या दोषांपासून मुक्त अशी एखादी वस्तू असलीच पाहिजे, असा विश्वास व्यक्त केला.

राहिलेला धागा

गांधीजींचे निर्वाण ३० जानेवारी १९४८ रोजी झाले. त्याच वर्षी अमेरिका आणि इंग्लंड येथील संशोधकांनी जीवनसत्त्व बी-१२ शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. रक्त आणि मज्जासंस्था यांस आवश्यक असणारे हे द्रव्य धान्यात, कडधान्यात वा फळांत मिळत नाही. दूध, अंडी, मांस यांतच ते आढळते. पण प्राणीही ते स्वतः निर्माण करीत नाहीत. ते केवळ जिवाणू तयार करतात. आज औषधात वापरले जाणारे बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातूनच मिळविले जाते. गांधीजी ज्याचा शोध वनस्पतींत घेत होते, त्यातील एक महत्त्वाचा धागा वनस्पतींत नव्हताच. त्यांचे १९१८ चे दुखणे याच उणिवेचे होते असे मुळीच म्हणता येणार नाही. परंतु दूध सोडणाऱ्याने काय वेगळे घेतले पाहिजे हे त्या काळी जगात कोणालाच ठाऊक नव्हते, हे मात्र निश्चित.

दूध पिणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या दीर्घ संशोधनातून आपल्याकडे बी-१२ ची कमतरता किती व्यापक आहे हे दिसून आले आहे. आणि हे लोक दूध न घेणारे होते असे नाही. सामान्य शाकाहारी घरात मिळणारे दूध या बाबतीत पुष्कळदा अपुरे पडते.

पर्यायांचा धडा

पर्याय शोधताना एका जुन्या फसवणुकीचे स्मरण ठेवावे. तुपाचा पहिला लोकप्रिय पर्याय म्हणजे १९३० च्या दशकात घरोघरी पोहोचलेले वनस्पती तूप. गांधीजींनी त्यास कडाडून विरोध केला, कारण ते तूप नसून तुपाचे सोंग होते. ते खऱ्या तुपात मिसळल्यास ओळखू यावे म्हणून त्यात तिळाचे तेल घालणे पुढे कायद्याने सक्तीचे झाले. त्यातील ट्रान्स स्निग्धांश हृदयास अपायकारक असल्याचे नंतर सिद्ध झाले आणि जानेवारी २०२२ पासून त्याचे प्रमाण दोन टक्क्यांवर मर्यादित करण्यात आले. वनस्पतिजन्य आहे एवढ्यावरून कोणताही पदार्थ हितकर ठरत नाही.

खरा पर्याय आपल्याच शिवारात आहे. १९९० च्या दशकापासून विदर्भात सोयाबीनची लागवड झपाट्याने वाढली. मगनवाडीत ज्याचा प्रयोग झाला ते धान्य आज वर्धा, अमरावती, वाशीमच्या शेतांत सर्वत्र दिसते. दैवाचा खेळ असा, की तेल काढल्यावर त्याची ढेप मोठ्या प्रमाणावर कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तेच सोयाबीन सकाळी भिजवून दुपारी वाटावे, गाळून चांगले उकळावे, म्हणजे सूर्यास्तापूर्वी घरीच दूध तयार होते. उकळणे अत्यावश्यक, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे घटक असतात. लिंबाच्या रसाने ते नासवले की पनीरसारखा गोळा मिळतो. भुईमुगाचे व तिळाचे दूधही असेच होते. शंभर ग्रॅम गायीच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; तेवढ्याच नाचणीत सुमारे ३५० आणि न सोललेल्या तिळांत नऊशेहून अधिक. त्यातील सर्वच शरीरास मिळत नाही, म्हणून रोजच्या जेवणात तीळ, नाचणी, हिरवी पालेभाजी असे एकाहून अधिक मार्ग असावेत.

अंड्याच्या बाबतीत आपल्या गृहिणींनी पूर्वीच यश मिळविले आहे. मात्र केकमधून अंडे काढताना त्यांनी दही आणि आटवलेले दूध वाढविले. आता तेही काढायचे तर आपल्या वऱ्हाडी जेवणातील जवस कामी येतो. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे ठेवली की ती चिकट होते व पीठ बांधून धरते; फुगण्यासाठी खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस पुरतो. बाजारातील तयार वीगन पदार्थ घेताना वेष्टण वाचावे. त्यांत बटाट्याचे वा अन्य कंदांचे पीठ असू शकते. बी-१२ ची गरज दिवसाला केवळ दोन-अडीच मायक्रोग्रॅम आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीच्या रूपात घ्यावे. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. लहान मुले, गर्भवती व वृद्ध यांनी वैद्यकीय देखरेखीवाचून असा बदल करू नये. हट्टाने प्रकृती ढासळते, हे १९१८ च्या इतिहासानेच शिकविले आहे.

समारोप

आजीने नातीला उत्तर द्यावे ते कोणते? आपल्याकडे चौदा नियमांची एक सुंदर प्रथा आहे. सकाळी उठून आज किती द्रव्ये, किती वस्त्रे, किती वाहने याची मर्यादा श्रावक स्वतःच ठरवितो. त्यात तिसरा नियम विगईचा आहे. एखादे दिवशी दुधाची, एखादे दिवशी दह्याची विगई सोडावी. नातीच्या ‘वीगन’ होण्याचे हेच जुने नाव आहे. तिने त्यात गायीच्या वेदनेची जाणीव जोडली एवढेच. तिने आजीच्या तुपाला पाप म्हणू नये, कारण आनंद श्रावकही तूप खात होता. आजीने नातीच्या त्यागाला खूळ म्हणू नये, कारण श्रीमद् राजचंद्रांच्या सहवासातून निघालेली ही वाट वर्ध्यापर्यंत येऊन अपुरी राहिली होती. आज ती पुढे नेण्यास लागणारे ज्ञान उपलब्ध आहे. आपल्या स्वामीवात्सल्याच्या पंगतीत एक पदार्थ दुधाविना व्हावा, प्रभावनेत मावाऐवजी कधी तिळगूळ असावा, इतक्या लहान पावलानेही या प्रयोगास पुन्हा प्रारंभ होऊ शकेल.

हा विषय नाजूक आहे आणि प्रस्तुत लेखकाचा अधिकार अल्प आहे. लिहिण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास, अथवा कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास, मिच्छामि दुक्कडम्.